मोंढ्यातली बिलं प्रोग्रॅममधून ईमेलने पाठवताना

लातूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्य बाजारातल्या, आडत दुकानांसाठी मी हिशोबाचे प्रोग्रॅम लिहितो. शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, हातात लागते, फार तर व्हॉट्सॲपवर. पण तूर-हरभरा घेणाऱ्या दाल मिलवाल्यांना आणि सीए साहेबांना बिल ईमेलवरच हवं असतं. सौदे आटोपले, वजनं झाली की मुनीमजींनी एक बटण दाबावं आणि दिवसभराची बिलं ज्याची त्याला जावीत, एवढंच काम. मी ते पायथनमध्ये करतो. दुसऱ्या भाषेतही क्रम हाच राहतो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. तुमचा प्रोग्रॅम मिलपर्यंत मेल नेत नाही. तो मेल तुमच्या मेल सर्व्हरच्या हवाली करतो. मिलचा सर्व्हर शोधून तिथं पोचवणं हे पुढचं काम त्या सर्व्हरचं. आडतीवर माल उतरला म्हणजे तो विकला गेला असं होत नाही, तसंच हे. म्हणून ‘पाठवलं’ आणि ‘पोचलं’ या प्रोग्रॅममध्ये दोन वेगळ्या नोंदी ठेवा.

सर्व्हरचं नाव, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर), युजरनेम आणि पासवर्ड एवढं हाताशी हवं. पोर्ट 587 घ्या, नाहीतर 465. 587 वर बोलणं उघड सुरू होतं आणि स्टार्टटीएलएस ही आज्ञा दिल्यावर सुरक्षित होतं. 465 वर ते पहिल्या अक्षरापासून सुरक्षित असतं. पोर्ट 25 हा सर्व्हरनी आपसात बोलण्यासाठी आहे, त्याच्या नादी लागू नका.

जीमेलवरून पाठवणार असाल तर नेहमीचा पासवर्ड आता चालत नाही; साध्या खात्यांसाठी ती सोय मे 2022 अखेर बंद झाली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड काढा आणि तो कोडमध्ये न लिहिता एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर संगणकाच्या सेटिंगमध्ये, ठेवा. कुणी खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्डही रद्द होतो. काल चालणारा प्रोग्रॅम आज 535 हा लॉगिन नाकारल्याचा आकडा दाखवू लागला, तर पहिला प्रश्न मुनीमजींना हाच विचारा.

मेल तयार करायला पायथनचा ईमेलमेसेज क्लास वापरा. मजकुराच्या ओळी हाताने जोडत बसू नका. मेलचे मथळे मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बनलेले. ‘तूर खरेदी बिल’ असा मराठी विषय त्यात बसवायला तो आधी एन्कोड करावा लागतो. हा क्लास ते आपणहून करतो. पीडीएफ जोडताना आकार पाहा, कारण एन्कोड झाल्यावर फाईल साधारण एक तृतीयांशाने फुगते.

प्रत्येक मिलसाठी वेगळा मेल आणि वेगळा ऑब्जेक्ट. सगळे पत्ते एकाच ‘टू’मध्ये टाकले तर एकाला दिलेला भाव दुसऱ्याला दिसेल, आणि मोंढ्यात ते कुणी खपवून घेणार नाही.

मेल पाठवायला पायथनची एसएमटीपीलिब ही लायब्ररी आहे. पहिल्यांदा पाठवताना तिच्यात सेट-डीबग-लेव्हल 1 करा आणि प्रोग्रॅम-सर्व्हरचं पडद्यावर येणारं संभाषण शांतपणे वाचा. सर्व्हर 220 म्हणून दार उघडतो. प्रोग्रॅम ईएचएलओ म्हणून नमस्कार करतो, सर्व्हर आपल्याला काय काय येतं ते 250 ने सांगतो. स्टार्टटीएलएस झालं की ओळख पुन्हा एकदा होते, मग लॉगिन, त्याला 235. ‘मेल फ्रॉम’ला 250, ‘आरसीपीटी टू’ला 250, ‘डेटा’ म्हटल्यावर 354, म्हणजे आता मजकूर द्या. मजकुरानंतर एका ओळीवर नुसता टिंब. त्यावर जो 250 येतो, तोच महत्त्वाचा: त्या क्षणापासून मेलची जबाबदारी सर्व्हरची. तो आल्याशिवाय बिलापुढे ‘पाठवलं’ अशी खूण करू नका.

सर्व्हरच्या उत्तराचा आकडा 4 ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती आहे. मेल रांगेत ठेवा, थोड्या वेळाने परत पाठवा. 5 ने सुरू झाला तर तोच मेल पुन्हा पुन्हा ढकलण्यात अर्थ नाही, कारण वाचा आणि दुरुस्त करा.

आपल्याकडे लाईट आणि नेट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून कनेक्शन उघडताना टाइमआउट द्या. मी 30 सेकंद देतो. तो दिला नाही तर प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत तसाच अडकून राहू शकतो. टिंब गेला आणि 250 यायच्या आत लाईन तुटली, तर मेल गेला की नाही हे प्रोग्रॅमला कळायला मार्ग नाही. परत पाठवलात तर तो दोनदा पोचू शकतो. विषयातच बिल नंबर घातला की मिलच्या अकाउंटंटला दुबार बिल लगेच ओळखू येतं.

दुकानाचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या नोंदी, बसवून घ्या, नाहीतर बिलं स्पॅममध्ये पडू शकतात.

आणि ‘मेल फ्रॉम’मध्ये दिलेला पत्ता रोज कुणीतरी उघडतं असाच ठेवा. न पोचलेल्या मेलची खबर तिथंच परत येते, बऱ्याचदा 550 हा मेल नाकारल्याचा आकडा आणि कारणासकट. संध्याकाळी मुनीमजींनी तो इनबॉक्स पाहावा, पत्ता चुकलेल्या मिलला फोन लावावा, खात्यात पत्ता दुरुस्त करावा आणि तेवढंच बिल परत पाठवावं.