बिनविषारी साप घराच्या आसपास असताना या चुका टाळा

पावसाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले आणि अजून एकही साप दिसला नाही, असे घर कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीत शोधूनही सापडायचे नाही. बिळांत पाणी शिरते, बेडूक बाहेर पडतात, उंदीर कोरड्या जागेसाठी घराकडे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग साप येतात. अशा वेळी दिसणाऱ्या सापांत मोठा वाटा धामण, कवड्या, नानेटी, दिवड, तस्कर आणि वाळा यांचा असतो, आणि यांपैकी एकाच्याही दंशात माणसाचा जीव घेणारे विष नसते. तरीही या सापांशी आपला व्यवहार बहुधा दोन टोकांचा असतो. कोणी साप दिसताच काठी शोधतो, तर कोणी ‘बिनविषारी आहे’ असे म्हणत तो हातात घेऊन मोबाइलपुढे उभा राहतो. अंगण, परसू, गडगा आणि शेत सापाचे राहू द्यावे आणि उंबरठ्याच्या आतली जागा मात्र काटेकोरपणे आपली ठेवावी, अशी वाटणी ज्या घरात झालेली असते तिथे या दोन्ही गोष्टींची वेळ क्वचितच येते. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका ही वाटणी न केल्यामुळे होतात.

एका खुणेवरून ओळख ठरवणे

‘डोके त्रिकोणी असेल तर साप विषारी’ हा नियम गावोगावी सांगितला जातो आणि तो धोकादायक आहे. नाग आणि मण्यार यांची डोकी त्रिकोणी नसतात, आणि महाराष्ट्रातल्या जीवघेण्या दंशांत या दोन सापांचा वाटा मोठा आहे. उलट बिनविषारी दिवड डिवचली गेली की मान चपटी करते आणि पाहणाऱ्याला फणा काढल्याचा भास होतो. रंगावर विसंबणेही तितकेच फसवे आहे, कारण कात टाकायला आलेला साप मळकट दिसतो आणि एकाच जातीचे दोन साप दोन वेगळ्या छटांचे असू शकतात.

सर्वांत जास्त गोंधळ कवड्या आणि मण्यार यांच्यात होतो. दोघेही निशाचर, दोघेही घरात शिरणारे आणि दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. कवड्याचा रंग साधारणपणे तपकिरी असतो. त्याचे पांढरट किंवा पिवळसर पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार निळसर झाक असलेली, चकचकीत काळी असते. तिचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने आलेले, मानेच्या बरेच मागे सुरू होणारे आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट असतात. तिच्या पाठीच्या कण्यावरून षट्कोनी, इतरांपेक्षा मोठ्या खवल्यांची एक रांग जाते. ही शेवटची खूण सर्वांत भरवशाची, पण ती दिसण्याइतके जवळ जाणे हाच मूर्खपणा असल्यामुळे घरातल्या माणसाला तिचा उपयोग मारलेल्या सापाच्या छायाचित्रापुरताच होतो. म्हणून रात्री घरात दिसलेला प्रत्येक पट्टेदार साप जाणकाराने पाहेपर्यंत मण्यारच समजावा. कवड्या भिंतीवर सहज चढतो आणि मण्यार सहसा जमिनीवर राहते हे खरे असले, तरी त्यावर जीव टांगू नये.

दुसरी जोडी डुरक्या घोणस आणि घोणस यांची. डुरक्या हा आखूड, जाड, सुस्त आणि बिनविषारी साप; त्याच्या अंगावरचे तपकिरी ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात आणि शेपूट अगदी आखूड, अचानक संपल्यासारखे दिसते. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा असतात, चपटे डोके मानेपासून स्पष्ट वेगळे दिसते आणि जवळ गेल्यास ती कुकरच्या शिटीसारखा दीर्घ फुत्कार टाकते. अजगराच्या पिल्लालाही लोक घोणस समजतात आणि, त्याहून वाईट म्हणजे, घोणशीच्या पिल्लाला अजगर समजून उचलतात. धामण मात्र नागाशी तुलना करूनही लवकर ओळखू येते: निमुळते डोके, मोठे गोल डोळे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा आणि माणसाची चाहूल लागताच धूम ठोकण्याची सवय.

वाळ्याबद्दल थोडे, कारण न्हाणीघरात तो दिसला की घरभर आरडाओरडा होतो. गांडुळाएवढा, काळसर, चकचकीत आणि जवळजवळ आंधळा असा हा साप वाळवी आणि मुंग्यांची अंडी खाऊन जगतो आणि पाणी साचले की मोरीतून वर येतो. त्याला सुपलीत किंवा कागदावर घेऊन कुंडीच्या ओल्या मातीत सोडणे पुरेसे आहे. दिवसाउजेडी, नीट पाहून आणि हात न लावता घरच्या माणसाने हलवावा असा हा एकच साप.

वासाने साप पळतात असे मानणे

फिनेल, रॉकेल, गंधक, डांबराच्या गोळ्या, लसणाचे पाणी, कार्बोलिक अॅसिड: प्रत्येक गावात यांपैकी एखादा उपाय ‘खात्रीचा’ असतो. उघड्या हवेत हे वास काही तासांत विरतात, पावसात तर लगेच धुऊन जातात, आणि भक्ष्याचा माग काढणारा साप तेवढ्यासाठी वाट बदलत नाही. कार्बोलिक अॅसिडने माणसाची कातडी भाजते आणि ते पोटात गेल्यास जिवावर बेतते. लहान मुले आणि कोंबड्या असलेल्या अंगणात ते शिंपडणे म्हणजे नसलेला धोका टाळण्यासाठी असलेला धोका विकत घेणे होय. बिळात धूर करणे किंवा गरम पाणी ओतणे याचा परिणाम एवढाच होतो की आतला साप चिडून, घाबरून, दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो, आणि ते दुसरे तोंड कधी कधी घराच्या जोत्याखाली उघडते.

सापाची तक्रार, पण उंदरांची नाही

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण जीवशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. आपल्या परसातले बहुतेक साप बीळ खणत नाहीत. उंदरांनी पोखरलेली जागा, वारूळ, गडग्यातली फट किंवा लाकडांचा ढीग ते वापरतात. तेव्हा घराजवळ वारंवार साप दिसत असेल तर प्रथम तिथे काय खायला मिळते आणि कुठे लपायला मिळते हे पाहावे. कवड्या वारंवार दिसत असेल तर पडवीतल्या दिव्याभोवती किडे आणि किड्यांमागे पाली जमत आहेत, हे जवळजवळ नक्की समजावे. धामण माळ्यावर जात असेल तर वर भाताची कणगी किंवा उंदरांची घरटी आहेत. दिवड मोरीच्या पाटाशी सापडत असेल तर तिथे पाणी तुंबून बेडूक झाले आहेत.

इथे एक गोड गैरसमज दूर करायला हवा. धामण असली की नाग फिरकत नाही, असे अनेक जण समाधानाने सांगतात. प्रत्यक्षात दोघेही एकाच उंदरामागे येतात, आणि मण्यार तर इतर सापच खाते. कवड्या आणि वाळा हे तिचे अन्न आहे. बिनविषारी साप उंदीर कमी करतात हा त्यांचा मोठा उपकार आहे, विशेषतः जिथे पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो अशा भागात, पण ते घराचे पहारेकरी नव्हेत. दिवसभर धामण दिसली म्हणून रात्री विजेरीशिवाय परसाकडे जाणे ही चूक जिवावर बेतू शकते.

सरपण, गोवऱ्या, कौले, चिरे आणि रिकामी पोती घराच्या भिंतीला लागून रचू नयेत. त्यांच्यासाठी थोड्या अंतरावर, जमिनीपासून फूटभर उंच मांडव करावा. सरपण काढताना आधी काठीने हलवावे आणि मगच हात घालावा, आणि ही सवय घरातल्या बायकांवर सोडून न देता ढीग रचणाऱ्याने तो एका बाजूने काढता येईल असा रचावा. कोंबड्यांचे खुराडे आणि सांडलेले धान्य यांची जागा शयनगृहाच्या खिडकीखाली नसावी. कवड्या बोटाएवढ्या फटीतून आत येतो, म्हणून दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी आणि जोत्यातल्या भेगांना सिमेंट लावावे. कौलांवर टेकलेल्या आंब्याफणसाच्या फांद्या पावसाआधी छाटाव्यात. जमिनीवर झोपणे टळत नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चहूबाजूंनी नीट खोचावी. मण्यारीपासून रक्षण करणारा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

जाळी आणि चिकट पुठ्ठे

भाजीच्या वाफ्याभोवती किंवा खुराड्याभोवती नायलॉनची जुनी मासेमारीची जाळी लावण्याची पद्धत सर्रास आहे आणि तीत सर्वाधिक सापडते ती धामण. डोके जाते, मधले जाड अंग अडकते, पुढे सरकण्याच्या धडपडीत धागा खवल्यांखाली रुततो आणि उन्हात काही तासांत साप मरतो. जिथे आवश्यक आहे तिथे ताठ, बारीक छिद्रांची लोखंडी जाळी वापरावी. उंदरांसाठीचे चिकट पुठ्ठे जमिनीवर उघडे ठेवल्यास त्यांवर पाली चिकटतात आणि पालींमागे कवड्या. असा साप खाद्यतेल सोडून हळूहळू सुटतो, पण ते काम जाणकाराचे, कारण चिकटलेला पट्टेदार साप मण्यारही असू शकतो. पिंजरा लावणे हे पुठ्ठ्यापेक्षा केव्हाही बरे. विषारी गोळ्या खाऊन मेलेले उंदीर मांजरे आणि घुबडे खातात, म्हणजे उंदरांचे आणखी दोन शत्रू आपणच कमी करतो.

घरात साप आला असताना घाई करणे

सर्पदंशाच्या कितीतरी घटना साप मारताना किंवा पकडताना घडतात. तोडलेले डोकेसुद्धा काही काळ चावू शकते. साप खोलीत दिसल्यास मुले आणि जनावरे बाहेर काढावीत, एका माणसाने लांबून त्याच्यावर नजर ठेवावी आणि बाकीच्यांनी गर्दी करू नये. बाहेरचे दार मोकळे असेल आणि साप धामणीसारखा दिवसा फिरणारा असेल, तर तो बहुतेक वेळा स्वतःच निघून जातो. तसे न झाल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा वन विभागाला माहीत असलेल्या सर्पमित्राला फोन करावा. सापाला गळ्यात घालून चित्रफिती काढणारा सर्पमित्र गावात असेल तर त्याच्यापेक्षा दुसरा शोधावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 सापांना संरक्षण देतो, त्यामुळे साप मारणे, बाळगणे किंवा विकणे हा केवळ वाईटपणा नसून गुन्हा आहे. मांडुळाला दोन तोंडे असतात आणि त्याने धनलाभ होतो, या भाकडकथेपायी किती जण तुरुंगाची वाट धरतात हे वर्तमानपत्रे अधूनमधून छापतच असतात.

पकडलेला साप ‘दूर जंगलात’ सोडण्याचा आग्रह मात्र धरू नये. सापाला आपल्या परिसरातली बिळे, पाणी आणि आडोसे ठाऊक असतात. अनोळखी जागी नेऊन सोडलेला साप भटकत राहतो आणि मरण्याची शक्यता वाढते. घरापासून जवळच्या झाडोऱ्यात किंवा ओढ्याकाठी सोडणे पुरेसे असते. तोच साप परत आला असे वाटत असेल तर फट अजून बुजलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ. साप डूख धरत नाही.

शेतात दोन धामणी एकमेकींना विळखे घालून उभ्या राहिलेल्या दिसतात, त्यांच्यावर नवे कापड टाकून ते देव्हाऱ्यात ठेवण्याची चाल काही भागांत आहे. ते मिलन नसून दोन नरांची झुंज असते, आणि कापड टाकण्यासाठी जवळ जाणाऱ्याला शुभ काही मिळत नाही. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही समजूतही तशीच. सापाला ओढून पिता येईल अशी तोंडाची रचनाच नसते आणि त्याचे दात आचळाला लागले तर गाय शांत उभी राहणार नाही. गाय अचानक दूध कमी देऊ लागली तर पशुवैद्याला दाखवावे.

‘बिनविषारी चावला, काही होत नाही’

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी सुमारे 58 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतले बरेचसे उशिरा उपचार मिळाल्यामुळे झालेले असतात. मण्यारीच्या दंशात वेदना आणि सूज जवळजवळ नसते. डास किंवा किडा चावला असे समजून माणूस पुन्हा झोपतो आणि पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसू लागतात. दाताच्या खुणांवरून साप ओळखण्याचा प्रयत्न करू नये. घट्ट दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, रक्त चोखणे आणि मांत्रिकाकडे नेणे या चार गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवावा आणि 108 ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने ज्या रुग्णालयात प्रतिविष आहे तिथे जावे. सापाचे छायाचित्र सुरक्षित अंतरावरून सहज मिळाले तर न्यावे, सापाच्या मागे मात्र जाऊ नये.

डॉक्टरांनी लगेच प्रतिविष दिले नाही म्हणून भांडू नये. भारतात वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आहे, त्याची तीव्र अॅलर्जी येऊ शकते आणि विषबाधेची लक्षणे नसताना ते देत नाहीत. रुग्णाला चोवीस तास देखरेखीखाली ठेवतात, रक्त गोठते आहे का ते पाहतात आणि धनुर्वाताचे इंजेक्शन देतात. कवड्याचाच दंश असेल तर दुसऱ्या दिवशी रुग्ण चालत घरी येतो.