एसटी, साथ आणि त्याच त्या चुका: काच लावू नका, हायपो अंदाजे ओतू नका

साथ आली की डेपोत सगळ्यात आधी पंप येतो. पाठीवर पंप अडकवलेला एक जण, समोर लालपरी आणि बाजूला मोबाइल धरून फोटो काढणारे चौघे. फवारा मारून झाला की गाडी ‘निर्जंतुक’ झाली म्हणायची. मग त्याच गाडीत काचा लावून, गच्च माणसं भरून जळगावहून चोपड्याला निघायचं. करोनाच्या काळात हे पाहून झालं, पुढच्या साथीतही हेच होणार अशी लक्षणं आहेत, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. चालक, वाहक, गाडी धुणारे आणि प्रवासी, सगळ्यांसाठी.

काचा बंद

ही सगळ्यात मोठी चूक, आणि खान्देशात तिला कारणही सबळ आहे. एप्रिल-मेमध्ये एरंडोल सोडलं की पारोळ्यापर्यंत खिडकीतून वारा नाही, भट्टीची धग येते. कुणीतरी मागून म्हणतं, "काच बंद कर ना भाऊ, ऊन लागी ऱ्हायनं." एकाने सरकवली की दुसरा सरकवतो आणि दहा मिनिटांत गाडी डबाबंद. थंडीत पहाटेच्या नंदुरबार गाडीत हेच होतं, पावसाळ्यात तर विचारायलाच नको.

मागच्या बाकावर कुणी विडी पेटवली तर ड्रायव्हरला वास येतो की नाही? श्वासातून, बोलण्यातून, खोकल्यातून निघणारे बारीक कण त्या धुरासारखेच तरंगतात आणि पसरतात. काच उघडी असेल तर विरतात, बंद असेल तर साठतात. ‘मी त्याच्यापासून चार बाक लांब बसलो होतो’ याला बंद गाडीत फारसा अर्थ उरत नाही.

याचा दाखला चीनमधल्या निंगबो शहराचा आहे. १९ जानेवारी २०२० ला तिथून एक बस धार्मिक कार्यक्रमाला निघाली. आत ६८ जण, त्यांतला एक बाधित, मास्क कुणालाच नाही. वातानुकूलन यंत्रणा आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत होती. जायला ५० मिनिटं, यायला ५० मिनिटं, म्हणजे साधारण आपली जळगाव-भुसावळ जाऊन-येऊन. त्या बसमधल्या आणखी २३ जणांना लागण झाली. त्याच कार्यक्रमाला गेलेल्या दुसऱ्या बसमध्ये ६० जण होते, त्यांतल्या एकालाही नाही. बाधिताजवळ बसलेल्यांना जास्त आणि लांबच्यांना कमी, असा ठळक फरकही दिसला नाही. मात्र ड्रायव्हर आणि दाराजवळचे प्रवासी सुटले, आणि उघडता येणाऱ्या खिडक्यांशेजारी बसलेल्यांपैकी एकालाच लागण झाली.

आता उपाय. सगळ्या काचा सताड उघड्या ठेवा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, म्हणून तसं सांगतच नाही. पुढच्या दोन आणि अगदी मागच्या दोन बाकांजवळच्या काचा, दोन्ही बाजूंच्या, कायम चार बोटं उघड्या राहू द्या. मधल्यांनी हवं तर लावून घ्यावी. छताला झडप असेल तर तीही उघडी. सरकती काच गाडीच्या थरथरीने आपोआप बंद होते, म्हणून खाचेत लाकडाची पाचर किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. आपत्कालीन खिडकीला मात्र पाचर लावायची नाही, ती एका झटक्यात उघडली पाहिजे. पाऊस असेल तर झड येते ती बाजू बंद, दुसरी उघडी. उन्हाचा त्रास होत असेल तर ओला रुमाल मानेला गुंडाळा, मास्कवर नको. मास्क ओला झाला की श्वास घेणं जड जातं आणि माणूस तो काढूनच टाकतो.

चालकांसाठी एक जादा गोष्ट. धावत्या मोटारीवर झालेल्या अभ्यासात हवा मागच्या खिडकीतून शिरून पुढच्या खिडकीतून बाहेर पडताना दिसली. म्हणजे मागच्यांचा श्वास पुढे येतो. केबिनची काच बंद करून, मागे प्लॅस्टिकचा पडदा लावून स्वतःला सुरक्षित समजू नका. पडदा शिंतोडे अडवतो, तरंगती हवा त्याला वळसा घालते. शिवाय रात्री त्यात दिव्याचं प्रतिबिंब पडतं ते वेगळंच.

स्टँडवर उभ्या गाडीत तर वाराही नसतो. गाडी लागली की सुटेपर्यंत सगळ्या काचा उघडा. प्रवाशांनीही वीस मिनिटं आधी आत जाऊन बसायची घाई करू नये, बाहेर उभं राहावं. वातानुकूलित गाडीत काच उघडत नाही, तिथे बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडी आहे का हे मेकॅनिककडून बघून घ्या, प्रत्येक थांब्यावर दार चार-पाच मिनिटं उघडं ठेवा आणि मास्क उतरवू नका. ऑगस्ट २०२० मध्ये आंतरजिल्हा एसटी सुरू झाली तेव्हा गाडीत जेमतेम २२ प्रवासी बसवायचे होते. एक बाक सोडून एक असे लोक शहाण्यासारखे बसायचे, आणि काचा लावून घ्यायचे.

खिडकीतून रुमाल

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी निघतात तेव्हा जळगाव किंवा धुळ्याच्या स्टँडवर बघा. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशव्या आणि एखादं लेकरू आत जातं, आणि दारात उतरणारे व चढणारे छातीला छाती लावून उभे. प्रवासातली सगळ्यात दाट गर्दी या दोन-तीन मिनिटांतली. आधी उतरू द्या, मग चढा. आणि जागा धरायला टाकलेला रुमाल तोंडाला बांधणार असाल तर निदान दुसरा घ्या.

हायपो: अंदाजपंचे ओतलेलं

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनवालं जंतुनाशक. बाटलीवर काय लिहिलंय ते न वाचता ‘एक झाकण बादलीत’ टाकणाऱ्यांसाठी हा भाग सविस्तर लिहितो. ‘कडक’ वास आला म्हणजे काम झालं, असं नाही.

दांडे, कड्या वगैरे पुसायला १ टक्का द्रावण लागतं. कॅनवर ५ टक्के लिहिलं असेल तर १ लिटर हायपोला ४ लिटर पाणी. १० टक्के असेल तर १ लिटरला ९ लिटर. ब्लीचिंग पावडर असेल आणि तीत ३० टक्के क्लोरीन असेल तर लिटरला साधारण ३३ ग्रॅम. ती नीट ढवळून गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी वापरा. आधी बादलीत पाणी, मग हायपो. उलट केलं तर शिंतोडे डोळ्यांत जातात. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. एका गाडीला पाच लिटरची बादली पुरून उरते.

कॅनवरची तारीख बघा. ऊन आणि उष्णता यांनी हायपोची ताकद उतरते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिनाभर पडलेला १० टक्क्यांचा कॅन जूनमध्ये १० टक्क्यांचा राहत नाही. सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवा. पाण्यात मिसळलेलं त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी झाकून ठेवलेली बादली म्हणजे नुसतं खारट पाणी.

दुसरी चूक मळावर हायपो मारायची. चिखल, घाम, तंबाखूचे डाग यांच्यावर क्लोरीन खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. म्हणून बादल्या तीन: पहिली साबणाच्या पाण्याची, दुसरी हायपोची, तिसरी साध्या पाण्याची. आधी साबणाने पुसा. मग हायपोच्या फडक्याने दाराचा दांडा, छताचे दांडे, बाकामागची पकड, खिडकीची कडी, घंटीची दोरी. पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहिला पाहिजे, आणि खान्देशात नेमकं इथेच गाडं अडतं. भुसावळच्या दुपारी ४४ अंशांत ओला दांडा दोन मिनिटांत खडखडीत कोरडा होतो. तेव्हा हे काम पहाटे पहिल्या फेरीआधी किंवा रात्री करा. दुपारी करायचंच असेल तर शेडखाली करा आणि मध्ये पुन्हा एकदा फडकं फिरवा. शेवटी साध्या पाण्याने पुसायला विसरू नका, नाहीतर लोखंड गंजतं आणि मग गंजलेल्या दांड्याचं खापर साथीवर फोडलं जातं.

हायपो आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करू नका. ‘दोन्ही घातलं की चांगलं निघतं’ हा शॉर्टकट जीव घेणारा आहे. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद गाडीत किंवा स्टँडच्या स्वच्छतागृहात माणूस गुदमरतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही असाच विषारी वायू (क्लोरामाइन) निघतो. चुकून झालंच तर बादली उचलायला वाकू नका, बाहेर पळा, दारं उघडी टाका.

आणि माणसांवर फवारायचं नाही. मार्च २०२० मध्ये बरेलीला परत आलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला. बायका-लेकरंही त्यात होती, डोळे चुरचुरले. १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट सांगितलं की माणसांवर फवारणी करू नये, उपयोग नाही आणि इजा होते. स्टँडच्या दारात फवाऱ्याच्या कमानी तरीही उभ्या राहिल्या, कारण कमान दिसते आणि उघडी काच दिसत नाही.

तिकीट मशीन, नोटा, थुंकी

तिकीट मशीनवर हायपो नको, बटणं आणि छपाईचा भाग खराब होतो. मशीन बंद करून, स्पिरिटने जरा ओलसर केलेल्या फडक्याने पुसा, थेट फवारू नका. नोटा मोजताना बोट जिभेला लावायची सवय कितीही जुनी असली तरी सोडा, ओला स्पंज दहा रुपयांत मिळतो. प्रवाशांनी सुट्टे पैसे हातात तयार ठेवले तर वाहक तुमच्या तोंडासमोर निम्माच वेळ वाकतो. आणि खिडकीतून पिंक टाकणाऱ्यांनो, ती मागच्या खिडकीतून परत आत येते.

मास्क

हनुवटीवरचा मास्क दाढीला गरम ठेवतो, बाकी काही नाही. वाहकाने ‘धरणगाव, धरणगाव’ ओरडायला तो खाली ओढणं म्हणजे नेमक्या वेळी काढणं. चष्मा धुरकटतो म्हणून चालक नाक उघडं ठेवतात. त्यावर उपाय आहे. नाकावरची पट्टी चिमटीत दाबू नका, दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मधून बाहेर दाबत न्या, तरी वाफ आली तर वरच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावा. झडपवाला एन-९५ घेऊ नका, त्यातून तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो. नुसतं फेसशील्डही चालणार नाही.

एन-९५ धुवायचा नाही, उन्हात करपवायचा नाही, स्पिरिटही मारायचं नाही. पाच मास्क, पाच कागदी पिशव्या, पिशवीवर वार लिहा आणि आळीपाळीने वापरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुकत नाही. दोरी सैल झाली किंवा आत मळला की फेकून द्या.

सॅनिटायझर ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलंच घ्या, हात कोरडे होईस्तोवर चोळा, आणि लगेच विडी पेटवू नका. इंजिनचं बॉनेट ही बाटली ठेवायची जागा नव्हे.

विश्रांतीगृह आणि मुक्कामी गाडी

चालक-वाहक दिवसभर गाडीत मास्क सांभाळतात आणि डेपोच्या विश्रांतीगृहात आले की आठ जण एका पंख्याखाली, एकाच डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा वाटून खातात. प्रवाशांकडून लागण होते हे खरं, पण ओळखीच्या माणसाचा खोकला आपल्याला खोकला वाटतच नाही. जेवण बाहेर, झाडाखाली, पाळीपाळीने. झोपताना खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, पंखा त्यांतल्या एकीकडे तोंड करून लावा म्हणजे आतली हवा बाहेर जाते. मुक्कामी गाडीतच दोघं झोपत असतील तर एकाने पुढे, एकाने मागे, काचा उघड्या, डासांसाठी मच्छरदाणी.

काळी-पिवळी जीपवाल्यांना काय सांगायचं? मोलगी-अक्कलकुव्याकडे दुसरं वाहन नसतं, तेव्हा ‘बसू नका’ म्हणणं सोपं आहे. ताडपत्रीच्या बाजू गुंडाळून वर बांधा, मास्क लावा, आणि खोकणाऱ्याला आतल्या कोपऱ्यात नव्हे, मागच्या उघड्या टोकाला बसवा.

ताप मोजायची बंदूक

उन्हातून चालत आलेल्या माणसाच्या कपाळाला लगेच बंदूक लावली तर ताप दिसणारच, आणि खुद्द बंदूक टेबलावर उन्हात तापली असेल तर आकड्याला काही अर्थ नाही. बहुतेक यंत्रं ४० अंशांपर्यंतच्या हवेतच नीट चालतात, त्यापुढे काय दाखवतील ते सांगता येत नाही. मग कुणीतरी मनगटावर लावतं, तिथे आकडा कमी येतो आणि सगळे खूश. माणसाला सावलीत पंधरा-वीस मिनिटं बसवा, कपाळाचा घाम पुसा, मग मोजा. बंदूक आत, सावलीत ठेवा. ताप नाही म्हणून आजार नाही असंही नसतं, लक्षणं दिसायच्या आधीही माणूस पसरवतो.

कर्मचाऱ्याला अंगात कणकण असेल तर क्रोसिनची गोळी घेऊन बंदुकीला चकवणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट. पण बिनपगारी रजा पडणार असेल तर तो तेच करणार, त्याला दोष देऊन उपयोग नाही. तेव्हा ड्युटी लावणाऱ्याने साथीच्या दिवसांत रोज एक-दोन चालक-वाहक राखीव ठेवावेत आणि सकाळी वेबिल (फेरीचा कागद) देण्याआधी खिडकीबाहेर उभं करूनच विचारावं, "काल रात्री झोप लागली का नीट?" ताप आहे का विचारलं की सगळे नाही म्हणतात.