‘इथे आधीच चार आहेत’ हे कारण चालत नाही: ब्रिटनमधल्या गॅम्बलिंग लायसन्सिंगमध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी

इंग्लंड-वेल्समधल्या कौन्सिलच्या लायसन्सिंग टीममध्ये रुजू झालात की दारूचे परवाने, टॅक्सी, रस्त्यावरचे स्टॉल हे सगळं काही महिन्यांत हाताखालून जातं. गॅम्बलिंगच्या फाइली त्या मानानं कमी येतात, आणि म्हणूनच त्या फसवतात. २००५ चा गॅम्बलिंग अ‍ॅक्ट, कंपनीला परवाना देणारं बर्मिंगहॅमचं गॅम्बलिंग कमिशन, जागेचा परवाना देणारी कौन्सिल, कलम १ मधली तीन उद्दिष्टं (जुगार गुन्हेगारीपासून दूर ठेवणं, खेळ उघड आणि न्याय्य ठेवणं, मुलं आणि असुरक्षित माणसांना जपणं), एवढं तुम्ही वाचूनच आला असाल. तेव्हा सरळ कलम १५३ वर येऊ, कारण सगळी पडझड तिथेच होते.

या कलमानुसार कौन्सिलनं परवानगी देण्याकडेच कल ठेवायचा आहे. अट एवढीच की ती परवानगी कमिशनच्या आचारसंहितेला, कमिशनच्या मार्गदर्शनाला, तीन उद्दिष्टांना आणि कौन्सिलच्या स्वतःच्या धोरणपत्राला धरून असावी. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. आपल्याकडे १८८७ च्या कायद्यापासून जुगार म्हणजे मुळात गुन्हा आणि सूट हा अपवाद. गोव्यात कॅसिनो आहेत, पण तिथला परवाना राज्य सरकार देतं, पणजी महापालिका नाही. इथे गल्लीतल्या दुकानाचा निर्णय तुमच्याच कौन्सिलच्या तीन नगरसेवकांची कमिटी एका खोलीत बसून घेते, आणि सुरुवात ‘हो’पासून होते. हे मनात पक्कं बसेपर्यंत तुमचा कुठलाही रिपोर्ट टिकणार नाही.

आता तो सापळा. याबद्दल पाल्हाळ लावतो आहोत असं वाटलं तरी चालेल, पण हे नीट समजून घ्या.

कलम १५३ च्या दुसऱ्या पोटकलमात लिहिलंय की जुगाराच्या सोयीला मागणी किती आहे, याचा विचार कौन्सिलनं करायचाच नाही. हाय स्ट्रीटवर चार बेटिंग शॉप आहेत, पाचव्याचा अर्ज आला. रहिवासी चिडलेले, नगरसेवक चिडलेले, तुम्हालाही मनातून पटलेलं. मग रिपोर्टमध्ये वाक्य येतं: ‘या रस्त्यावर आधीच चार दुकानं असल्यानं पाचव्याची आवश्यकता नाही.’ हे वाक्य तिथेच मेलं. कंपनीचा बॅरिस्टर तेवढंच वाचून दाखवेल, आणि त्याच्या खाली तुम्ही कितीही चांगला पुरावा जोडलेला असला तरी कमिटीला ‘तुम्ही मागणीवर निर्णय घेताय’ असंच ऐकू येईल.

पण त्याच रस्त्याबद्दल हे लिहून बघा: ‘अर्जातल्या जागेपासून ९० मीटरवर व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथला गट संध्याकाळी पाचला सुटतो. बसस्टॉप या दुकानाच्या दारासमोर आहे. अर्जदाराच्या जोखीम-आकलनात केंद्राचा उल्लेख नाही आणि संध्याकाळी काउंटरवर एकच कर्मचारी दाखवला आहे.’ यात मागणीचा शब्द नाही. यात तिसरं उद्दिष्ट आहे, म्हणजे मुलं आणि असुरक्षित माणसांना इजा किंवा शोषणापासून जपणं. आधीच्या चार दुकानांचा उल्लेखही इथे चालतो, पण वेगळ्या अंगानं: जुगार सोडू पाहणाऱ्या माणसाला बसस्टॉपपर्यंत जाताना किती दारांवरून जावं लागतं, आणि या अर्जदाराकडे त्यासाठी काय तजवीज आहे. रस्ता तोच, चार दुकानं तीच. एका वाक्यात तुम्ही धंदा मोजताय, दुसऱ्यात माणसाची वाट मोजताय.

याच जातीची आणखी दोन कारणं टाळा. ‘जुगार वाईट’ हा नैतिक आक्षेप कमिशनच्या मार्गदर्शनानुसार ग्राह्य नाही. आणि प्लॅनिंग परवानगी (जागा कशासाठी वापरायची याची वेगळी परवानगी) मिळेल की नाही, याकडे कलम २१० बघू देत नाही. बेटिंग शॉप २०१५ पासून इंग्लंडच्या प्लॅनिंगमध्ये स्वतंत्र वर्गात आहेत, त्यामुळे तिकडची लढाई तिकडे लढता येते, फक्त दोन्ही फाइली मिसळू नका. दारूच्या कायद्यातला ‘सार्वजनिक उपद्रव’ही इथे उद्दिष्ट नाही. रात्रीच्या गोंगाटाची तक्रार जशीच्या तशी चिकटवली की ती बाद होते. २०१३ मध्ये लंडनच्या न्यूहॅम कौन्सिलनं एका बेटिंग शॉपला नकार दिला. गुन्हेगारी आणि जुगाराच्या मशीनवरचा भर ही कारणं होती, आणि मॅजिस्ट्रेट कोर्टात कौन्सिल हरली. एवढ्या मोठ्या कौन्सिलचं असं झालं म्हणून घाबरून सगळ्याला ‘हो’ म्हणायचं नाही. नकार हे तुमचं सगळ्यात कमकुवत हत्यार आहे, एवढाच धडा घ्या. भक्कम हत्यारं तीन: धोरणपत्र, जोखीम-आकलन आणि अटी.

एप्रिल २०१६ पासून प्रत्येक ऑपरेटरला प्रत्येक जागेचं स्थानिक जोखीम-आकलन करावंच लागतं, आणि ते करताना कौन्सिलच्या धोरणपत्रातल्या संबंधित गोष्टी लक्षात घ्याव्याच लागतात. म्हणजे धोरणपत्रात जे नाही ते त्यांनी बघितलं नाही, तर दोष आपलाच. माझं ठाम मत आहे की शेजारच्या कौन्सिलचं धोरणपत्र नाव बदलून वापरणं हा या खात्यातला सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट आहे. ‘आमच्याकडे नेहमी असंच करतात’ म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांचा मान ठेवा, पण त्यांची टेम्प्लेट घेऊ नका. धोरणपत्राला परिसराचं चित्र जोडा: शाळा, होस्टेल, बेघरांची निवारास्थानं, फूड बँक, जॉब सेंटर, व्यसनमुक्ती केंद्रं, गहाणवटीची दुकानं. त्यावर वंचिततेच्या निर्देशांकाचा थर चढवा. तो साधारण १५०० लोकवस्तीच्या छोट्या तुकड्यांवर मिळतो, त्यामुळे अख्ख्या वॉर्डबद्दल मोघम बोलायची वेळ येत नाही. वेस्टमिन्स्टर आणि मँचेस्टर या कौन्सिलांनी असे नकाशे करवून घेतले होते. ते बघा, पण रंग तुमच्या गावाचे भरा.

अर्ज आल्यावर आधी घड्याळ. आक्षेपाचे २८ दिवस अर्जाच्या तारखेपासून सुरू होतात. जागेवर नोटीस २८ दिवस लागलेली हवी, रस्त्यावरून वाचता येईल अशी. वर्तमानपत्रात १० कामकाजाच्या दिवसांत आणि जबाबदार संस्थांना ७ दिवसांत कळवलेलं हवं. नोटीस आहे म्हणे, यावर विसंबू नका. पहिल्या-दुसऱ्या दिवशी आणि मध्ये एकदा स्वतः जाऊन फोटो काढा. शटर ओढलं की नोटीस झाकली जाते, हे फोटोशिवाय सिद्ध होत नाही.

जबाबदार संस्थांत पोलीस, अग्निशमन, प्लॅनिंग, पर्यावरण-आरोग्य, बालसंरक्षण, कर खातं, कमिशन आणि खुद्द लायसन्सिंग ऑथॉरिटी आहेत. सार्वजनिक आरोग्य विभाग नाही. दारूच्या कायद्यात तो आहे, म्हणून सगळे गृहीत धरतात आणि त्यांचं पत्र सुनावणीत उडतं. त्यांची माहिती लायसन्सिंग ऑथॉरिटीच्या आक्षेपातून आणा. मात्र तो आक्षेप लिहिणारा आणि अर्ज हाताळणारा अधिकारी वेगवेगळा हवा. टीम दोनच माणसांची असली तरीही. एकही आक्षेप आला नाही, तर प्रकरण सहसा कमिटीपुढे जातच नाही, परवाना अधिकाऱ्याच्या टेबलावरूनच निघतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात या संस्थांना फोन लावा, अठ्ठाविसाव्या दिवसाची वाट बघत बसू नका.

अटींबद्दल. मशीनची संख्या, प्रकार, एका डावाला लावायची रक्कम किंवा बक्षीस यांवर तुम्हाला अट घालता येत नाही. माणसं, दार, वेळ, नजर यांवर घालता येते. बेटिंग शॉपला सकाळी ७ ते रात्री १० ही ठरलेली वेळ असते, अ‍ॅडल्ट गेमिंग सेंटरला (प्रौढांसाठीच्या, फक्त जुगाराच्या मशीनच्या दुकानाला) अशी वेळच नाही, त्यामुळे २४ तासांचे अर्ज तिथून येतात. अशा वेळी रात्री १० ते सकाळी ६ किमान दोन कर्मचारी, दाराला आतून चालणारं चुंबकीय कुलूप, ३१ दिवस साठवणारा सीसीटीव्ही, नाकारलेल्या आणि हटकलेल्या ग्राहकांची तारीखवार वही, अशा अटी मागा. प्रत्येक अटीमागे या जागेचा धोका लिहा. ‘सगळ्यांना घालतो’ म्हटलेली अट अपिलात गळते.

तपासणीला गेलात की सरळ काउंटरमागे उभे राहा. तिथून प्रत्येक मशीन दिसतं का? खांब किंवा मोठा जाहिरात-बोर्ड मध्ये आला, तर त्या कोपऱ्यात सोळा वर्षांचा मुलगा वीस मिनिटं खेळून जाईल आणि कुणाला कळणार नाही. एटीएम असेल तर खेळणं थांबवून उठल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी असणं सक्तीचं आहे. मशीनवर बसूनच हात लांबवून बघा. मशीन मोजा: बेटिंग शॉपमध्ये जास्तीत जास्त ४, गेमिंग सेंटरमध्ये एकूण मशीनच्या २० टक्क्यांपर्यंतच २ पौंडांचा डाव आणि ५०० पौंड बक्षीसवाली. ६० मशीन तर अशी १२. मशीनचा एकूण आकडा फुगवायला जुगाराचे टॅब्लेट (तेही मशीन म्हणूनच दाखवतात) कपाटात रचून ठेवलेले असतील तर ते खेळायला उपलब्ध नाहीत, धरू नका. कर्मचाऱ्याला विचारा की ग्राहकाला स्वतःवरच खेळायची बंदी घालून घ्यायची असेल तर काय करायचं. तो मॅनेजरचा नंबर शोधायला लागला तर प्रशिक्षण कागदावरच आहे. मदतीची पत्रकं टॉयलेटमध्येही हवीत, कारण काउंटरसमोरून पत्रक उचलायला माणसाला लाज वाटते.

पब विसरू नका. दारूचा परवाना असलेल्या पबला कळवून आणि ५० पौंड भरून दोन मशीन ठेवता येतात, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. तिथेच वय विचारलं जात नाही.

हे सगळं एकदम अंगावर येतं, आणि पहिल्या सुनावणीत घसा कोरडा पडतो. ते होऊ द्या. परवाना दिला म्हणजे दार कायमचं बंद झालं असं नाही. कलम १९७ खाली रहिवासी किंवा पोलीस पुनर्विचार मागू शकतात, कलम २०० खाली कौन्सिल स्वतःही. अट वाढवणं, तीन महिन्यांपर्यंत स्थगिती, रद्द करणं, सगळं त्यात येतं. पण पुनर्विचार नोंदींवर उभा राहतो. ‘लोक तक्रार करतात’ यानं काही होत नाही. तारीख, वेळ, कोण होतं, काय दिसलं, हे प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी लिहा.

आणि कॅलेंडरवर आत्ताच एक खूण करा. धोरणपत्र दर तीन वर्षांनी नव्यानं करावं लागतं. बहुतेक कौन्सिलांचं सध्याचं ३१ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, म्हणजे पुढचं ३१ जानेवारी २०२८ ला. ते पूर्ण कौन्सिलच्या सभेतच मंजूर होतं आणि लागू होण्याआधी किमान चार आठवडे प्रसिद्ध व्हावं लागतं, म्हणजे डिसेंबरच्या आत सभा. त्याआधी उन्हाळ्यात जनमत, त्याआधी वसंतात नकाशे. व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता आणि गट सुटायची वेळ त्या नकाशात २०२७ च्या मार्चपर्यंत आली पाहिजे.