काटा खोटं बोलतोय? गेज बदलण्याआधी या चुका टाळा

"सर, गेज गेलंय." जुहूच्या हँगरमध्ये नवीन आलेलं पोरगं तक्रारीचा कागद नीट वाचायच्या आधीच हे म्हणतं. काटा समोर डॅशबोर्डवर दिसतो, म्हणून गुन्हेगारही तोच. जुन्या सेस्ना विमानाचं इंधन गेज खरोखर मेलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. बिघाड बहुतेक वेळा पंखात असतो, आणि पंख उघडायचा म्हणजे टाकी रिकामी करा, बॅटरी काढा, बादल्या आणा. एवढं कोण करणार? त्यापेक्षा गेजचे चार स्क्रू सोपे.

टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याचा दांडा हलला की एक छोटी पत्ती रेझिस्टन्सच्या तारेवर सरकते. हा सगळा जोड म्हणजे सेंडर. गेजमधून आलेला करंट वायरने या सेंडरपर्यंत जातो आणि सेंडरच्या अंगातून पंखाच्या पत्र्यात उतरून परत येतो. परतीला वेगळी वायर नाही. सेंडर पत्र्याला जिथे टेकतो, ती जागाच अर्धी वायरिंग आहे, आणि पोरं नेमकी तिलाच विसरतात.

मीही विसरलो होतो. एका हौशी मालकाची सत्तरच्या दशकातली सेस्ना १७२ होती. डावा काटा पाऊणच्या खाली यायलाच तयार नाही. एकदा दोन तास उडून आल्यावर काट्यानुसार डावी टाकी पाऊण भरलेली, आणि टाकीत मापाची काठी बुडवली तर जेमतेम पंधरा लिटर. मी तडफदारपणे निदान केलं: गेज. ते अमेरिकेहून मागवलं. मध्ये कस्टम्स, मध्ये पाऊस, सात आठवडे विमान जमिनीवर. नवं गेज बसवलं, मास्टर स्विच टाकला, काटा आरामात चढला आणि पाऊणला जाऊन बसला. मालक शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. बॅटरी सोडली आणि मल्टीमीटरचं एक टोक सेंडरच्या अंगाला, दुसरं पंखाच्या उघड्या पत्र्याला लावलं. सतरा ओहम. तिथे अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं. त्या सेंडरचं सगळं राज्य शून्य ते तीस ओहम, म्हणजे रिकाम्या टाकीलाही काटा अर्ध्याच्या वर. आधी कुणीतरी गळती थांबवायला गॅस्केटऐवजी फ्लँजवर, म्हणजे सेंडरच्या पत्र्याला टेकणाऱ्या कडेवर, आणि स्क्रूच्या आट्यांवर भरभरून सीलंट फासलं होतं. उरलेलं काम जुहूच्या खाऱ्या वाऱ्याने केलं. इथे १९२८ पासून विमानं समुद्राच्या तोंडावर उभी आहेत, आणि ॲल्युमिनियमवरची ती पांढरी भुकटी आम्ही जेवणातल्या मिठासारखी गृहीत धरतो. फ्लँज साफ केला, नवं गॅस्केट घातलं, एका स्क्रूखाली अर्थची, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेची, पट्टी दिली. अर्ध्या दिवसाचं काम. जुनं गेज अजून माझ्या कपाटात आहे, ठणठणीत.

यातली खरी धोक्याची गोष्ट पुढे आहे. जुन्या सेंडरचे दोन वंश आहेत. एकात रिकामी टाकी म्हणजे शून्य ओहम आणि भरलेली म्हणजे तीसच्या आसपास. दुसऱ्यात उलटं: रिकामी २४०, भरलेली ३३. अर्थ खराब झाला की वाटेत रेझिस्टन्स वाढतो. तोच गंज, तोच मळ, पण दुसऱ्या वंशाचं विमान कमी इंधन दाखवतं आणि पायलट चिडतो. पहिल्या वंशाचं विमान जास्त दाखवतं आणि पायलट खुश असतो. म्हणून पहिल्या वंशाच्या विमानाचा काटा "छान चालतोय" असं कुणी म्हणालं की मी आधी काठी मागतो. आपल्या विमानात कोणता वंश आहे हे मॅन्युअल आणि पार्ट नंबर पाहूनच ठरवा. एका वंशाचा सेंडर दुसऱ्याच्या गेजला जोडणारेही भेटले आहेत.

दोन्ही काटे एकाच दिशेने चुकत असतील तर पंखाकडे बघूसुद्धा नका. गेजचा सप्लाय किंवा पॅनेलमागचा अर्थ तपासा. लँडिंग लाइट लावल्यावर काटे दचकत असतील तर तेच.

सकाळी एका टाकीत जास्त, दुसरीत कमी दिसलं म्हणून तक्रार लिहिण्याआधी विमान उभं कुठे होतं ते बघा. उतारावर, इंधनाचा सिलेक्टर 'बोथ'वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, ठेवून गेलात तर रात्रभरात इंधन खालच्या पंखात जातं. काटा खरं बोलत असतो.

गेज मागवताना व्होल्टेज बघा. १७२ ला १९७८ च्या मॉडेलपासून २४ व्होल्टची बॅटरी आली. त्याआधीची विमानं १२ वर चालतात.

कुर्ल्याला भंगारात गाडीचा सेंडर स्वस्तात मिळतो, ओहमही जुळतात, हे मला माहीत आहे. दर वर्षी कुणीतरी कानात सांगतं. मी त्यावर सही करणार नाही.

आता माझा दुसरा राग: कॅलिब्रेशन, म्हणजे काटा आणि टाकीतलं खरं इंधन यांचा मेळ घालणं. "नियमाप्रमाणे काटा फक्त रिकाम्या टाकीला बरोबर असला की झालं," असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक हँगरमध्ये सापडतात. ही जुनी विमानं ज्या अमेरिकन नियमांखाली मंजूर झाली त्यांत लिहिलंय ते असं की लेव्हल फ्लाइटमध्ये, म्हणजे सरळ सपाट उडताना, फक्त न वापरता येणारं इंधन उरलं असेल तेव्हा काट्याने शून्य दाखवलं पाहिजे. ते शून्य कुठे मानायचं याबद्दल आहे. बाकी काटा वाटेल ते दाखवू दे, असं त्यात कुठेही नाही, आणि प्रत्येक टाकीत किती इंधन आहे हे दाखवणारं गेज त्याच नियमांत सक्तीचं आहे.

शिवाय हे सांगणारेच शून्यसुद्धा चुकीचं लावतात. टाकी शेवटच्या थेंबापर्यंत काढतात आणि तिथे काटा शून्यावर आणतात. १७२ च्या 'एन' मॉडेलच्या साध्या टाक्यांत ४३ अमेरिकन गॅलन मावतात, त्यातले ४० वापरता येतात. म्हणजे दोन्ही टाक्यांत मिळून ११ लिटरच्या वर इंधन असताना काटे शून्यावर हवेत. त्यांच्या पद्धतीने ते ११ लिटर पायलटला पेट्रोल म्हणून दिसणार आणि इंजिनाला मिळणार नाही.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. आधी टायरची हवा आणि पुढच्या चाकाचा स्ट्रट बघतो, मग शेपटीच्या डाव्या अंगाच्या लेव्हलिंग स्क्रूवर पाणसळ ठेवतो. न वापरता येणारं इंधन घालून शून्य बघतो आणि पुढे मापाच्या डब्याने दहा-दहा लिटर. दर वेळी काटा स्थिरावायला मिनिटभर थांबतो, कारण जुनी गेज गरम होऊन हळूहळू सरकतात. आकडे वहीत, वहीतून लॉगबुकात. बाउझरच्या, म्हणजे इंधनाच्या टँकरच्या, मीटरवर भरवसा ठेवत नाही. घाईतली पोरं दोनच बिंदू घेतात, रिकामी आणि भरलेली, आणि मधलं "सरळ रेषेतच असणार" म्हणतात. पंखातली टाकी बादलीसारखी सरळ नसते, रेषाही सरळ येत नाही.

आकडा जुळत नसला की फ्लोटचा दांडा अंदाजाने वाकवायचा, हा तर राष्ट्रीय खेळ आहे. काही मॅन्युअल दांडा वाकवू देतात, पण दिलेल्या मापाने, सेंडर बाहेर काढून. डोळ्याने वाकवलेला दांडा आत कुठेतरी घासतो आणि फ्लोट वरच अडकतो. पुन्हा आलाच पाऊणवर काटा. वाकवण्याआधी फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर त्यात इंधन शिरलंय, दांड्याचा काही दोष नाही.

टाकी उघडी असताना मास्टर चालू करून वायरी चाचपायच्या नाहीत. ॲव्हगॅसची, म्हणजे विमानाच्या पेट्रोलची, वाफ उणे ४० अंशांनाही पेट घ्यायला तयार असते, आपल्या मे महिन्याचं तर सोडाच.

आणि काठी. धाकट्या सेस्ना १५२ ची काठी १७२ मध्ये बुडवून "ठीक आहे" म्हणणारा मी पाहिला आहे. तेव्हापासून प्रत्येक काठीवर विमानाचं रजिस्ट्रेशन रंगवून ती दोरीने त्याच विमानाच्या सीटमागच्या खिशाला बांधतो. दोरी पायात येते म्हणून पायलट कुरकुरतात. कुरकुरू देत.