बोट दुखायचं थांबलं, तेव्हाच घाबरायला हवं होतं

उणे २० अंशांत मी बसची वाट बघत उभी होते. पायात बेताचे बूट, आत लोकरी मोज्यांचे दोन जोड. सुरुवातीला बोटं ठणकत होती, मग ठणका थांबला. सवय झाली बहुतेक, असं वाटून बरंही वाटलं. घरी मोजे काढले तर उजवी करंगळी मेणासारखी पांढरी, आणि हात लावला तरी काही कळेना.

करंगळी वाचली. पण उबदार हवेत वाढलेल्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हेच सांगते : दुखतंय तोवर बोटाला जाणीव आहे. दुखणं गेलं आणि ऊब आलेली नाही, तर लगेच आत जा.

बधिर झालेला भाग चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. गोठलेल्या पेशींना त्याने आणखी इजा होते. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात तो बुडवून ठेवा, म्हणजे कोपर बुडवल्यावर सुखद वाटेल इतपत. शेगडी किंवा हीटरसमोर धरू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. लगेच पुन्हा थंडीत जावं लागणार असेल तर तो भाग पाण्यात घालून वितळवूच नका. वितळून परत गोठलं तर नुकसान जास्त होतं. फोड आले किंवा रंग परतला नाही तर डॉक्टरांकडे जा.

माझी चूक मोज्यांच्या दुसऱ्या जोडात होती. ऊब धरून ठेवते ती कपड्यांत अडकलेली हवा. मी पाय इतका आवळला की हवेला जागा उरली नाही आणि रक्तही नीट फिरेना. आता बूट एक नंबर मोठे घेते, आत एकच जाड लोकरी मोजा. उभी असले की बुटात बोटं हलवत राहते. हातमोजे चार बोटं एकत्र राहतील असे घेते. बोटं एकमेकांना ऊब देतात.

अंगाला लागून सुती कपडा नको. सुती घाम पितो आणि ओलाच राहतो, आणि ओलं अंग फार झपाट्याने गार पडतं. आत लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर सैलसर उबदार थर, वर वारा अडवणारं जाकीट. चालत जाणार असाल तर दारातून निघताना किंचित थंडी वाजलीच पाहिजे. घाम येईलसं वाटलं की चेन उघडा, घाम आल्यावर नाही. हे जमायला मला अख्खा एक हिवाळा लागला.

हवामान बघताना मी तापमानाइतकाच वारा बघते. उणे २० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते सुमारे उणे ३३ सारखं लागतं, आणि गाल-नाक १० ते ३० मिनिटांत गोठू शकतं. कान झाका, नाकावर मफलर घ्या.

फोन आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी भरलेली दिसत असतानाच बंद पडते. घरी आल्यावर तो खोलीइतका उबदार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. तहान लागत नसली तरी पाणी प्या. बर्फावर छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवून, आणि हात खिशाबाहेर.

सोबतच्या माणसाकडेही लक्ष ठेवा. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्या माणसाला स्वतःचं स्वतःला समजेलच असं नाही. कुडकुडणं, मग अडखळणं, जड जीभ, असंबद्ध बोलणं. इतकं होऊन कुडकुडणं थांबलं तर तो बरा होत नसतो, प्रकृती बिघडत असते. ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी ऐकू नका. तातडीची मदत बोलवा, त्याला आत न्या, ओले कपडे काढा, आधी छाती-पोट-मान उबदार करा, हातपाय नंतर. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड पेय द्या. दारू नको, तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब बाहेर जाते. मदत येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका.