कूर्चेतलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट डीएमएमबी रंगाने मोजताना

कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ही कूर्चेतली (सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत आवरणातली) साखरेच्या घटकांची लांब साखळी. आधी तिची रचना डोक्यात पक्की हवी. कारण डीएमएमबी (डायमिथाइलमिथिलिन ब्लू) हा निळा रंग साखर ओळखतच नाही, साखळीवरचा ऋणभार ओळखतो. कॉन्ड्रॉइटिन सल्फेटमध्ये ग्लुक्युरोनिक आम्ल आणि एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसअमाइन आलटून-पालटून येतात, आणि गॅलॅक्टोसअमाइनच्या चौथ्या किंवा सहाव्या कार्बनवर बहुधा एक सल्फेट असतो. कूर्चेतल्याच हायल्युरोनन या दुसऱ्या साखरेची साखळी त्याहून कितीतरी लांब, पण सल्फेट एकही नाही. म्हणून ते इथे जवळपास दिसत नाही. केराटन सल्फेट ही कूर्चेतली आणखी एक सल्फेटवाली साखळी मात्र याच आकड्यात मिसळते, या मोजणीत ती वेगळी काढता येत नाही.

शेळीच्या गुडघ्याची पांढरी, चकचकीत कूर्चा ब्लेडने खरवडा; हाड येऊ देऊ नका. पाणी टिपून १० मिलिग्रॅम तुकडे १ मिलि द्रावणात घाला: ०.१ मोलर फॉस्फेट (पीएच ६.५), ५ मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन बांधणारं रसायन), ५ मिलिमोलर सिस्टीन (पपेनला जागं करणारं अमिनो आम्ल) आणि १२५ मायक्रोग्रॅम पपेन (पपईतलं प्रथिन तोडणारं विकर). ६० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवा. पपेन प्रथिनाचा कणा तोडतं, साखळीला हात लावत नाही. सकाळी तुकडे तसेच दिसले तर संशय सिस्टीनवर घ्या: हवेने त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि मग पपेन जागंच होत नाही. ते त्याच दिवशी ताजं वजन करून घाला.

रंगासाठी १६ मिलिग्रॅम डीएमएमबी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवा. त्यात ३.०४ ग्रॅम ग्लायसीन, २.३७ ग्रॅम मीठ (शुद्ध सोडियम क्लोराइड) आणि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ९५ मिलि घालून पाण्याने १ लिटर करा. पीएच ३ यायला हवा. मिठाने डीएनएसारख्या रेणूंची ढिली पकड सुटते. पेशी भरपूर आणि कूर्चा कमी असेल तर पीएच १.५ पर्यंत उतरवा. तिथे कार्बॉक्सिल गट भार गमावतात, सल्फेट गमावत नाहीत. बाटली गडद काचेची घ्या.

नमुना २० पट पातळ करा, २० मायक्रोलिटरवर २०० मायक्रोलिटर रंग टाका आणि लगेच ५२५ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते वाचा. खरी गडबड इथेच होते. रंग आणि साखळीचा जांभळा संयुग काही मिनिटांत गुठळ्या होऊन खाली बसतो आणि आकडा घसरत जातो. म्हणून मल्टिचॅनल पिपेट वापरा, बुडबुडे टाळा. प्रमाणित द्रावणं (कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचं प्रमाण आधीच माहीत असलेली) ० ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि ठेवा, तीही नमुन्याच्याच आणि तितक्याच पातळ केलेल्या बफरमध्ये (वरच्या फॉस्फेट द्रावणात). नाहीतर मिठाचा फरक उत्तरात उतरतो. त्यांच्या वाचनांचा आलेख वरच्या टोकाला वाकतो, तो भाग सोडून द्या.

आलेखावरून १८ मायक्रोग्रॅम प्रति मिलि आलं, तर १८ गुणिले २० म्हणजे मूळ १ मिलि द्रावणात ३६० मायक्रोग्रॅम. १० मिलिग्रॅमने भागून ३६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम. हे ओल्या वजनावर झालं. सुजलेली आणि निरोगी कूर्चा तुलनेला घ्यायची असेल तर दोन्ही आधी सुकवून तोला, कारण पाण्याचं प्रमाणच दोन्हींत वेगळं असतं.