उद्या साईटवर निघताय? एचपी ५०जी कॅल्क्युलेटरच्या डिरेक्टऱ्या आजच लावून घ्या

सिंहस्थाची कामं चालू असली की एकाच आठवड्यात म्हसरूळ, पाथर्डी फाटा, त्र्यंबक रोड असं फिरावं लागतं, प्रत्येक ठिकाणचा बेंचमार्क (ज्याची उंची आधीच माहीत असते तो बिंदू) वेगळा आणि कॅल्क्युलेटर एकच, म्हणून आदल्या रात्री घरीच एचपी ५०जी घेऊन बसा. आधी होममधे, म्हणजे सगळ्यात वरच्या डिरेक्टरीत (फोल्डरमधे), काय काय साठलंय ते बघा, ज्याचा उपयोग आठवत नाही ते काढून टाका, फक्त कॅसडीआयआरला हात लावू नका, ती मशीनने स्वतःसाठी बनवलेली आहे.

मग दर कामाला एक डिरेक्टरी. कोट्समधे नाव, मग सीआरडीआयआर ही कमांड, झालं. नाव आकड्याने सुरू करता येत नाही आणि मेनूत पहिली चार-पाच अक्षरंच दिसतात, त्यामुळे सगळ्यांच्या पुढे नाशिक नाशिक लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एखादं नाव चालू डिरेक्टरीत सापडलं नाही तर मशीन वरच्या डिरेक्टरीत बघतं, तिथून आणखी वर, थेट होमपर्यंत, आणि हे तुम्हाला न सांगता करतं. एसटीओ (साठवायची कमांड) मात्र तुम्ही आत्ता जिथे आहात तिथेच साठवतं. म्हणून लेव्हल (बिंदूंची उंची) काढायचा प्रोग्रॅम होममधे एकदाच ठेवा, तो कुठूनही चालतो आणि त्या त्या कामाचा बीएम, म्हणजे बेंचमार्कचा आकडा, उचलतो, हे खरंच फार सुंदर जमवलंय एचपीने. पण बीएम होममधे अजिबात ठेवू नका!! तिथे जुना पडलेला असेल आणि म्हसरूळचा भरायचा राहिला तर जुन्याच आकड्यावर सगळ्या लेव्हल निघतील, दिसायला अगदी व्यवस्थित. होममधे नसेल तर उत्तरात आकड्याऐवजी बीएम अक्षरंच येतात, लगेच कळतं.

रोज लागणारी नावं ऑर्डर कमांडने पुढे आणा, मेनूच्या एका पानावर सहाच बसतात. संपलेल्या कामाची डिरेक्टरी पर्ज या पुसायच्या कमांडने जात नाही, आत काही असेल तर पीजीडीआयआर लागतं आणि ते आतलं सगळं घेऊन जातं, तेव्हा आधी वहीत उतरवा.

शेवटी एसडी कार्डावर होमची प्रत अर्काइव्ह करून ठेवा, रिस्टोअर केलं की सध्याचं होम पूर्ण बदलतं हे लक्षात असू द्या, आणि बॅगेत चार ट्रिपल ए सेल टाका.